तीन बोटांचा शिक्का

कृष्णेच्या काठावर, नदी जिथे एकदम वळसा घेते, तिथे आमचं पेवठाण आहे. गावात शिरलं की आधी पेठ लागते. पेठ संपली की उघडा माळ, आणि त्या माळाखाली पेवं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं हळदीचं कोठार. तोंड एवढंसं, एक माणूस अंग चोरून उतरेल इतपत. आत मात्र पोट रांजणासारखं सुटलेलं. पूर्वी या माळावर म्हणे बैलगाडी हाकायचीही चोरी होती, इतकी जवळजवळ पेवं होती. आता बहुतेक बुजली, काही पुरात खचली. एकच उघडं ठेवलंय, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवायला. त्याला लोखंडी जाळी आहे. जाळीशेजारी एक काळी शिळा उभी केली आहे आणि त्या शिळेवर तीन बोटं कोरलेली आहेत. पंजा नाही. नुसती तीन बोटं, वर दाखवणारी.

दुसरी बघायची गोष्ट संध्याकाळची. आमच्या पेठेत दुकान बंद करताना कुणी सरळ शटर ओढत नाही. अर्ध्यावर आणतात, वाकतात, आत तोंड घालतात आणि मोठ्यानं विचारतात, "आत कोण आहे?" मग थांबतात. मग ओढतात. हळदीवाले तर करतातच, पण मोबाईल दुरुस्तीवालाही करतो, आणि तो तर गेल्या दिवाळीत इथे राहायला आलाय.

या दोन्हींची गोष्ट एकच. ती सांगायचा मान आमच्या घराकडे आहे. माझे सासरे, आप्पा, सांगायचे. ते सांगायचे तेव्हा माणसं उन्हात उभी असल्याचं विसरायची. आप्पांचे गुडघे गेले, नवरा साखर कारखान्यात पाळीवर असतो, म्हणून ती माझ्याकडे आली. माझं सांगणं आप्पांसारखं नाही हे मला माहीत आहे. माझी दीड वर्षांची रेवा काखेत असते आणि पेवाशी उभी असले की जाळी असूनही माझी बोटं तिच्या फ्रॉकच्या पट्ट्यात घट्ट अडकलेली असतात. त्यामुळे हातवारे करायला एकच हात उरतो.

हल्ली बस येते ती उद्योजकता शिबिरांची. 'पूर्वीच्या यशस्वी व्यापाऱ्यांकडून काय शिकाल' अशा सहली निघतात. सगळ्यांच्या गळ्यात नावाची पट्टी, हातात वही. उतरल्या उतरल्या विचारतात, "मॅडम, सातलिंग शेटनी एका पेवाची पन्नास पेवं कशी केली? मुख्य मुद्दे सांगाल का?" मी एम.कॉम. झालेय, मुद्दे सांगता यायला हवेत. पण ही गोष्ट मुद्द्यांत बसत नाही. म्हणून जशी ऐकली तशी सांगते.

असं सांगतात की रेल्वे यायच्या कितीतरी आधी इथे सातलिंग शेट नावाचा व्यापारी होता. धंद्याला लागला तेव्हा त्याच्याकडे बापानं खणलेलं एक पेव आणि एक म्हातारा बैल. पंधरा वर्षांत त्याची पन्नास पेवं झाली, त्यातली बहुतेक शेवटच्या सात वर्षांत. का झाली, तर त्याची हळद कधी खराब निघायची नाही. इतरांची पेवं वर्षानं उघडली की आत कुठे बुरशी, कुठे किडा, कुठे सगळा थर चिखलासारखा. सातलिंग शेटचं पेव उघडलं की हळकुंड भरताना होतं तसंच खणखणीत.

लोक विचारायचे, शेट, तुम्हाला कळतं कसं? शेट काही बोलायचे नाहीत. फक्त पेव भरत आलं की सगळ्यांसमोर पागोटं काढून जमिनीवर आडवे व्हायचे आणि मातीला कान लावायचे. बराच वेळ. मग उठून, कपडे झटकून म्हणायचे, "ठीक आहे. लावा तोंड." म्हणजे बंद करा. कधी म्हणायचे, "नको. उपसा, पुन्हा वाळवा."

ही बातमी पंचक्रोशीत गेली. दोन नद्यांपलीकडच्या पेठांतले व्यापारीसुद्धा भर उन्हात जमिनीवर पालथे पडून कान लावू लागले म्हणे. त्यांना काही ऐकू आलं नाही. त्यांची हळद सडायची तशी सडत राहिली. (इथे शिबिरातली मंडळी हसतात. मग एखादा वहीत लिहितो: 'जमिनीशी नातं.')

खरी गोष्ट अशी होती की ऐकू शेटनाही काही यायचं नाही.

कळायचं ते त्यांच्या सुनेला. तिचं नाव नीलव्वा. लग्न होऊन आली त्याच वर्षी, उंबऱ्यात बसून तिनं पेवातून आणलेली ओंजळभर हळद निवडायला घेतली आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, ह्यात ओल आहे." गिरिजव्वा, म्हणजे तिची सासू, हसली. हळकुंड दगडासारखं वाजत होतं. पण वर्षानं ते पेव उघडलं तेव्हा वास नाकाला सोसेना, आणि सगळा माल नदीत टाकावा लागला.

पुढच्या हंगामात शेटनी मुकाट्यानं सुनेपुढे ओंजळी धरायला सुरुवात केली. ओंजळीवरून नेमकं सांगता येईना, तेव्हा ती म्हणाली, मला खाली उतरू द्या. पेवाच्या पोटात जाऊन बसलं की अंधारात तिला वासावरून कळायचं, कुठल्या अंगाला, किती खोल, काय बिघडलंय.

शेटनी तिचं ऐकलं, हे त्यांचं शहाणपण. आजही किती घरं ऐकतात, मला माहीत नाही. पण शेटाच्या घरची सून हमालासारखी पेवात उतरते हे लोकांना कळलं तर काय राहिलं? आणि पारख शेटची नाही, सुनेची, हे कळलं तर? म्हणून ठरलं असं: दुपारी हमाल भाकरी खायला नदीकडे गेले की सासू-सून डोक्यावरून पदर ओढून माळावर यायच्या. सून दोरावरून उतरायची. सासू तोंडाशी बसून राखण करायची. ती वर आली की दोघी परत. मग हमाल यायचे आणि शेट जमिनीला कान लावायचे.

सात वर्षं हे चाललं. सात वर्षांत एकालाही पत्ता लागला नाही. नीलव्वाच्या नवऱ्याला माहीत होतं, पण तो वर्षाचे आठ महिने गाड्या घेऊन घाटाखाली बंदराला.

शेटची दुसरी ख्याती शिक्क्याची. पेव भरलं की तोंडावर शिळा बसवायचे. तिच्या सांध्यावर पाचटाचे तुकडे घातलेली माती लिंपायचे, आणि त्या ओल्या मातीवर शेट आपला उजवा पंजा उमटवायचे. संगमावरच्या महादेवासमोर त्यांनी शपथ घेतली होती: हा शिक्का माल घेणारा माल उचलायला येईल त्या दिवशीच मोडेल. त्याआधी मोडला तर हा हात पुन्हा शिक्का उठवणार नाही. कच्छ-काठेवाडचे व्यापारी पेव न उघडता, आत न बघता, नुसता पंजा बघून माल ठरवायचे. शेट अभिमानानं सांगायचे की आतून ढोल बडवला तरी बाहेर मुंगीला ऐकू जाणार नाही, असं माझं तोंड लागतं.

ते चैत्राचे दिवस होते. पन्नासावं पेव भरत आलं होतं. खूप मोठं पेव. खाली गेल्या सालचा शिल्लक माल, त्यावर नवा. नीलव्वाला चार महिन्यांचा मुलगा होता. बाळंतपणानंतर ती पहिल्यांदाच उतरत होती. असं म्हणतात की तिला उतरायचं नव्हतं. ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, आता माझं चित्त वर राहतं. खाली गेलं तरी कान वरच." गिरिजव्वा म्हणाली, "एवढं एक पेव. मग हंगाम संपला."

दुपारी दोघी गेल्या. नीलव्वा उतरली. गिरिजव्वा तोंडाशी बसली. थोड्या वेळानं घरून बाळाचा आवाज यायला लागला. घर माळाला लागूनच. गिरिजव्वानं पेवात वाकून हाक मारली, "नीला, रडतोय गं. ये वर."

खालून आवाज आला, "आले, आले. तुम्ही व्हा पुढे."

गिरिजव्वा पुढे झाली. एवढंच झालं. आप्पा इथे नेहमी थांबायचे आणि म्हणायचे, "बघा, यात कुणाचं चुकलं?" मला ते सांगता येत नाही. मूल रडत असताना कुणाचं काय चुकतं हे ठरवणं मला अजून जमलेलं नाही.

नीलव्वा वर येणारच होती. पण दोराकडे येता येता तिला उजव्या अंगानं वास आला. ओल. अगदी पुसट, भिंतीकडून. ती तिकडे सरकली. गुडघ्यांवर बसली, हळकुंडं बाजूला करत हात खुपसत गेली, कोपरापर्यंत. आता ती तोंडाच्या खाली नव्हती. पोटाच्या फुगवट्यात, आडोशाला होती.

आणि त्या दिवशी कच्छचा मोठा व्यापारी जेठाशा दोन दिवस आधी येऊन दारात उभा राहिला. त्याच्याबरोबर आणखी चार गावचे व्यापारी. जेठाशाला शिक्का उठताना बघायचा होता. शेटची धांदल उडाली. त्यांनी मुकादमाला, लगमाण्णाला, निरोप पाठवला: जेवण सोडून या, तोंड लावायचंय. लगमाण्णा माणसं घेऊन धावत आला. त्यानं पेवात डोकावून पाहिलं. पिवळा ढीग, त्यावर उजेडाचा एक गोल, बाकी अंधार. माणूस दिसला नाही. हाक त्यानं मारली नाही. कुणाला मारणार? त्याची सगळी माणसं त्याच्या मागे उभी होती. त्यानं दोर ओढून घेतला.

शेट पाहुण्यांना घेऊन आले. सासू-सुना कुठे दिसल्या नाहीत, म्हणजे काम उरकून घरी गेल्या, असं त्यांनी धरलं. सुनेनं काय सांगितलं ते कळलेलं नव्हतं. पण पाच गावचे व्यापारी बघत होते. शेट आडवे झाले. जमिनीला कान लावला. खाली, बारा हातांवर, त्यांची सून हळदीत कोपरापर्यंत हात घालून बसली होती.

शेट उठले. म्हणाले, "ठीक आहे. लावा तोंड."

शिळा बसली. माती लिंपली. शेटनी पंजा उमटवला. जेठाशानं वाकून तो पंजा निरखला आणि म्हणाला, "वा."

खाली काय झालं ते नीलव्वानं पुढे आपल्या नातसुनांना सांगितलं, आणि त्यांच्याकडून ते इथवर आलं. ती सांगायची, आधी वाटलं ढग आला. मग कळलं. ती धडपडत ढिगाच्या मध्याशी आली, दोर चाचपला, नव्हता. तिनं हाका मारल्या. आवाज भिंतीत शिरायचा आणि तिथेच राहायचा. घसा हळदीच्या धुळीनं भरला. तेव्हा तिनं हाका थांबवल्या, कारण हाक मारली की श्वास मोठा घ्यावा लागतो, आणि आतली हवा जुन्या मालाच्या उबाऱ्यानं आधीच जड होती. ती ढिगाच्या सर्वांत उंच जागी बसली, तोंडाच्या बरोबर खाली. वर दोन पुरुष उंचीवर शिळा. पदर भिजवायला पाणी नव्हतं. तिनं तो तसाच नाकाशी धरला आणि बारीक बारीक श्वास घेत राहिली.

अंधारात वेळ कळत नाही. पण तिला कळला, म्हणे. एकदम छाती भरून आली आणि चोळी ओली झाली, तेव्हा तिनं ओळखलं की वर बाळाची दूध प्यायची वेळ झाली. तो रडत असणार. त्याला कुणीतरी गुळाचं पाणी लावत असणार. तिला तिथून काही करता येत नव्हतं. फक्त बसायचं, आणि पान्हा वाया जात असताना श्वास पुरवून वापरायचा.

वर जेवणाची पंगत बसली होती. पाहुणे ओळीनं, शेट मध्ये. गिरिजव्वा तूप वाढत आली. शेटच्या पानाशी वाकली आणि ओठ न हलवता म्हणाली, "ती आली नाही."

शेट म्हणाले, "येईल."

"कुठून येईल?"

तुपाची धार पानाबाहेर गेली. गिरिजव्वा पुढच्या पानाकडे सरकली, कारण पुढच्या पानावरचा पाहुणा बघत होता.

असं म्हणतात की सातलिंग शेटनी तो घास खालीही ठेवला नाही आणि तोंडातही घातला नाही. उठून "शिळा काढा" म्हणायचं, एवढंच करायचं होतं. पण सून आत आहे म्हटलं की पहिला प्रश्न, ती तिथे गेली कशाला? त्याचं उत्तर दिलं की सात वर्षांची पारख गेली. शिक्का मोडला की शपथ गेली. शेट वाईट माणूस होते असं कुणीच सांगत नाही. ते वाट शोधत होते. सून वाचेल आणि नावही वाचेल अशी वाट. माणूस अडकला की आधी असलीच वाट शोधतो.

शेट म्हणाले, "जेठाशा, मघाशी लक्षात नाही आलं, शिळा बसवताना आत नाग गेलेला मी पाहिला. तोंड उघडावं लागेल."

जेठाशा हसला. "नाग? मग तर शुभ, शेटजी. राहू द्या राखणीला."

थोड्या वेळानं शेट म्हणाले, "माझी अंगठी आत पडली. वडिलांची होती."

जेठाशानं आपल्या बोटातली अंगठी काढून शेटच्या पानाशेजारी ठेवली. "ही घ्या. मी लोकांना सांगेन, शेटजींनी बापाची अंगठी सोडली, पण शिक्का नाही मोडला." बाकीचे व्यापारी माना डोलवायला लागले. एक म्हणाला, "आमची परीक्षा बघतात शेट. आम्ही 'मोडा' म्हणतो का बघतात."

शेट जितकं मोडू बघत होते तितका शिक्का घट्ट होत होता. ते पेवाबाहेर होते. मोकळ्या हवेत, पाटावर, समोर पुरणपोळी. तरी आप्पा म्हणायचे की त्या घटकेला दोन माणसं बंद होती.

तेवढ्यात आत बाळ रडायला लागलं. गुळाचं पाणी संपलं होतं. ते असं रडलं की पंगतीतले हात थांबले. पहिल्या वेळी रडलं तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं. ही दुधाची दुसरी वेळ होती. खाली पेवात नीलव्वाची चोळी दुसऱ्यांदा भिजली. ते तिला कळलं, म्हणे. त्यानंतरचं तिला काही आठवत नव्हतं.

मग गिरिजव्वानं जे केलं ते तोवर त्या घरातल्या कुठल्या बाईनं केलं नव्हतं. ती बाळाला घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली, पंगतीच्या मधून, परक्या पुरुषांसमोरून, डोक्यावर पदर न घेता चालत माळावर गेली. तिनं बाळाला शिक्क्याच्या शिळेवर ठेवलं आणि शेजारी बसली.

सगळे उठून मागोमाग आले, खरकट्या हातांनी. ऊन कलायला लागलं होतं. बाळ शिळेवर पडून रडत होतं.

"ह्याच्या आईला काढा," गिरिजव्वा म्हणाली.

जेठाशानं एकदा बाईकडे बघितलं, एकदा शिळेकडे. मग त्यानं विचारलं, "शेटजी, आत कोण आहे?"

बाळ रडताना मध्येच आवाज बंद होतो ना, तोंड उघडं राहतं, चेहरा लाल होतो आणि पुढचा श्वास यायला वेळ लागतो. आईचं काळीज थांबतं तेवढा वेळ. तेवढा वेळ शेट गप्प राहिले, असं सांगतात. मग बाळानं श्वास घेतला आणि शेट म्हणाले,

"माझी सून आहे. तुम्ही ज्याला माझी पारख म्हणता ना, जेठाशा, ती आत आहे. मला जमिनीतलं काही ऐकू येत नाही. कधीच आलं नाही."

एवढं म्हणून ते गुडघ्यांवर बसले आणि नखांनी माती ओरबाडायला लागले. उन्हानं माती सुकून दगड झाली होती. पंजाच्या शिक्क्यातला अंगठा आणि करंगळी निखळून पडली, तेवढ्यात लगमाण्णानं पहार घातली. शिळा सरकली. तिच्यावर उरलेल्या मातीत तीन बोटं तशीच राहिली.

आतून ऊब आली, पण आवाज आला नाही. लगमाण्णानं टोपलीत पणती ठेवून खाली सोडली. चार हात गेली आणि विझली. पुन्हा पेटवून सोडली. पुन्हा विझली. हे पेवाचं जुनं शास्त्र आहे: दिवा विझतो तिथे माणूस उतरत नाही. तोंड उघडं ठेवून आतली हवा निघून जायची वाट बघायची. कधी अर्धा दिवस लागतो, कधी अख्खा.

लगमाण्णा म्हणाला, "मालक, आता कुणालाच उतरता यायचं न्हाई. माझा एकबी माणूस मी खाली सोडणार न्हाई."

"तुझ्या माणसाला कोण सांगतंय," शेट म्हणाले. "तोंड मी लावलंय." त्यांनी दोर स्वतःच्या कमरेला बांधला. लगमाण्णानं आणखी एक दोर त्यांच्या हातात दिला, तिला बांधायला. जेठाशा दोर धरायला पुढे झाला, हमालांच्या ओळीत. शेट छाती भरून श्वास घेऊन उतरले.

हातातल्या दोराला दोन झटके बसले. ओढला तर नीलव्वा वर आली, केसापासून पायापर्यंत पिवळी, मान लटकलेली. तिला सोडवायच्या गडबडीत वेळ गेला असेल, किंवा नसेल. कमरेच्या दोराला झटका आला नाही. ओढला तर मोकळाच वर आला. शेटनी तो खाली सोडला होता की सुटला, यावर आजही दोन मतं आहेत. आप्पा म्हणायचे, सोडला. तिला बांधताना अंधारात दोन दोरांचा गुंता झाला असेल, म्हणून कमरेचा सोडला असेल. मला वाटतं सुटला असेल. पण मी कोण.

नीलव्वाला नदीकडून येणाऱ्या वाऱ्यात निजवलं. गिरिजव्वानं बाळाला तिच्या छातीशी लावलं. आधी बाळ ओढायला लागलं, मग आईचा श्वास चालू झाला, याच क्रमानं झालं म्हणतात. तिनं डोळे उघडले. समोर जेठाशा वाकून बघत होता. ती त्याला म्हणाली,

"उजव्या अंगाला ओल आहे. हा माल नेऊ नका."

दिवस बुडता बुडता पणती खाली जळत राहिली तेव्हा लगमाण्णा उतरला. शेट ढिगाच्या उजव्या अंगाला, नीलव्वानं खणलेल्या जागी पडले होते. त्यांचा उजवा हात त्या खड्ड्यात कोपरापर्यंत होता आणि हाताला ओल लागली होती, असं सांगतात. एवढ्या थोड्या वेळात, अंधारात, श्वास रोखून माणूस तिथवर जाईल का, ही शंका मलाही येते. शिबिरातले लोकही विचारतात. मी म्हणते, मी फक्त सांगतेय.

शपथ मात्र खरी झाली. त्या हातानं पुन्हा शिक्का उठवला नाही.

पुढे काय झालं ते थोडक्यात आहे, कारण पुढचं सगळं चांगलं झालं आणि चांगल्याची गोष्ट होत नाही. लोकांना वाटलं, नाव बुडालं, आता घर बसलं. पण पुढच्या चैत्रात जेठाशा आला. त्यानं विचारलं, "पंजा कुणाचा?" नीलव्वा म्हणाली, "पंजा नाही. उतरा माझ्याबरोबर, वास घ्या." जेठाशाचं पोट मोठं होतं, पेवाच्या तोंडात अडकलं, चार हमालांनी खेचून काढलं, आणि सगळा माळ हसला. पण तो पुढे दरसाल तिच्या शब्दावर माल घेत राहिला, नाक खुपसल्याशिवाय. ती भर दुपारी, सगळ्यांदेखत उतरायची. तिच्या काळात पेवं पन्नासची शंभर झाली असं गाव म्हणतं. आप्पा म्हणायचे, ऐंशीच. आणि आमचं घराणं त्या शिळेवरच्या बाळाचं, हेही आप्पा म्हणायचे. गावात आणखी चार घरं हेच म्हणतात.

तिनं दोनच नियम घातले. पेव उघडल्यावर आत पहिलं पाऊल मालकाच्या घरातल्या माणसाचं, हमालाचं नाही. आणि तोंड लावण्याआधी मालकानं आत वाकून मोठ्यानं विचारायचं, आत कोण आहे. सगळी माणसं समोर उभी दिसत असली तरी विचारायचं. विचारून झालं की रडणारं बाळ पुढचा श्वास घेईल तेवढा वेळ थांबायचं. ज्या शिळेवर तीन बोटं उरली होती ती तिनं पाथरवटाकडून तशीच कोरून घेतली. पूर्ण पंजा करून देऊ का, असं त्यानं विचारलं होतं. ती नको म्हणाली.

गोष्ट संपली की शिबिरवाल्यांना मी जाळीवर वाकून विचारायला सांगते. पहिला माणूस हमखास "हॅलो" म्हणतो. मग हशा होतो. मग कुणीतरी नीट विचारतो, "आत कोण आहे?" आणि थांबायची वेळ येते तेव्हा वह्या मिटतात. किती थांबायचं ते मी सांगितलेलं असतं, पण बाया त्याहून जास्त थांबतात. एकदा एकीनं विचारलं, "मॅडम, यातून नेमका धडा कुठला घ्यायचा?" मी म्हटलं, मला नक्की माहीत नाही. तिनं ते लिहून घेतलं की काय, कळलं नाही. बस निघून गेली.

आजही संध्याकाळी पेठेत एकेक शटर अर्ध्यावर येतं. किराणावाले वाकतात, कापडवाले वाकतात, मोबाईलवाला वाकतो. "आत कोण आहे?" आतून कधी कुणी ओ देत नाही. तरी थांबतात. मग खाली येतं शटर.

सगळ्यांत शेवटी माझी पाळी. पेवाशेजारच्या खोलीत जुने दोर, पणतीची टोपली, असलं थोडंफार मांडून ठेवलंय, तिचं दार मी बंद करते. आतलं सगळं मला पाठ आहे. तरी वाकते, विचारते. हल्ली रेवापण विचारायला लागलीये. काखेतून खाली झुकते आणि अंधारात म्हणते, "आत तोण?"

मी थांबायचं तेवढं थांबते आणि कडीला हात घालते. ती माझा हात धरते. तिला अजून थांबायचं असतं.